ओली व्हायोलिनं की सुकी

पनवेल

आदरणीय कुंदनभाऊ यांस,
तुळशीरामचा दंडवत.

तुमच्या गुडघ्याची कुरकुर थांबली का? दमयंतीवहिनींची साखर उतरली, की अजून चोरून चहा पितात? (हे त्यांना वाचून दाखवू नका.) पळालेला बोका घरी आला का? दारच्या फणसालाही नमस्कार सांगा. इकडे सगळे खुशाल. फक्त तुमच्या बहिणीने, जनीने, माझ्याशी बोलणं टाकलंय, आणि त्याला कारण व्हायोलिन.

झालं असं, आमच्या प्राचीला सिनेमाचं संगीत करायचं पहिलंवहिलं काम येऊ घातलंय. दिग्दर्शकाला काळ्यापांढऱ्या सिनेमासारखं जुनं संगीत हवं, पण वादक बोलवायची ऐपत नाही. म्हणून लायब्ररी. (मी वाचनालयाचं कार्ड घेऊन एसटी स्टँडपर्यंत गेलोही होतो.) हल्ली म्हणे खऱ्या वादकांचा एकेक सूर संगणकात भरून ठेवतात, त्या साठ्याला लायब्ररी म्हणतात. पट्टी दाबली की तीस माणसं व्हायोलिन वाजवतात आणि एकालाही जेवायला वाढावं लागत नाही! अशा तीन लायब्रऱ्या तिने पारखायला आणल्या आणि पारखी नेमला मला, कारण घरात पेटी वाजवणारा मीच, तीही ऐकून ऐकून शिकलेली. रविवारी दिग्दर्शकाला पसंत पडलं तर काम पोरीचं, नाहीतर गेलं.

तर मी ऐकायला बसलो. प्राचीने विचारलं, "आप्पा, ड्राय ठेवू का वेट?" (घुमणारा आवाज वेट आणि कोरडा तो ड्राय, हे मला मागाहून कळलं.) मला वाटलं, बाजारातून बोंबील आणायचेत. म्हटलं, "आज ओलेच होऊ दे, सुके कालच झाले." प्राचीने ओली व्हायोलिनं लावली आणि जनी पिशवी घेऊन ओले बोंबील आणायला गेली. ती परतेस्तोवर मला व्हायोलिनांचा ओलेपणा समजला होता आणि नकोसाही झाला होता. "सुकंच बरं गं," मी म्हणालो, "ओल्यात काही दम नाही." जनी नेमकी दारात. "दम नाय? मंग हे काय तुमच्या डोक्याव वतू?" तेव्हापासून अबोला. (बोंबील फार छान झाले होते, असं शेजारच्या मनिषाकडून समजलं.)

आता निकाल. पहिली लायब्ररी इतकी स्वच्छ, की वादकांना घाम म्हणून येत नसावा. दुसरीत जुनेपणासाठी मुद्दाम खरखर घातलेली, ऐकताना मी दोनदा पंखा बंद केला. तिसरीत सगळे एकदम रडतात आणि एकदम गप्प होतात. अहो, आपल्याकडे मयतालासुद्धा एखादा मागाहून हंबरडा फोडतोच की! तिन्ही नापास केल्यावर प्राची एवढंसं तोंड करून म्हणाली, "मग रविवारी मी ऐकवू काय?"

असो. वहिनींना नमस्कार, तब्येतीला जपा.

तुमचा,
तुळशीराम

ता. क. दिग्दर्शकाला मी फोनवर सांगून टाकलंय, की चौथी लायब्ररी आहे. नाव 'कुंदन', बनावट तुमच्या चिरनेरची, एकच व्हायोलिन, सुरू होण्याआधी खाकरते. तो हरखला, "हीच पाहिजे!" म्हणाला. तेव्हा शनिवारीच व्हायोलिन घेऊन या. पडद्यामागे खुर्ची मांडलीय. प्राचीने आधी कपाळावर हात मारला, मग खुर्चीवर उशी ठेवली.

आणखी ता. क. लायब्ररी संगणकात जागा किती खाते, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, एक सतरंजी. तो म्हणाला, एवढीशीच? मग दोन प्रती द्या. तुमच्या भावकीत आणखी कोणी वाजवतं का, ते उलट टपाली कळवा.