बाराची बैठक आणि श्राद्धाचं पान

जिंतूर, मंगळवार संध्याकाळ

राग अजून उतरला नाही. परवा ह्यांचं वर्षश्राद्ध. आम्हाला मुलगा नाही, पान अश्विनीच ठेवणार. आणि आज कळलं, पोरीनं परवाचंही काम अंगावर घेतलंय.

ती घरूनच पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते. त्यांच्या त्या एजाइल पद्धतीवरचं पुस्तक मी वाचून काढलं. पद्धत चांगली आहे. दोन आठवड्यांचं काम सगळ्यांनी मिळून ठरवायचं, सुट्ट्या आधी वजा करायच्या. रोज बाराला बैठक: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. मी स्वयंपाकघरातून ऐकते. ही रोज म्हणते, अडचण काही नाही. काही नाही कशी?

"सुट्टी का नाही सांगितलीस गं?"

"आई, घरून काम करू द्यायलेत तेच लय झालं. काय सांगू? बाबा अडचण हायत म्हणू?"

फार लागलं मनाला. वर्षभर त्यांचं नाव निघालं की दोघी विषय बदलतो, आणि आता हे! म्हटलं, "अडचण कशाला म्हणतीस? बापाचं श्राद्ध हाय म्हण."

तिनं माझ्यासमोरच साहेबांना मेसेज केला. लगेच उत्तर आलं: सुट्टी घ्या, फक्त बाराच्या बैठकीला पाच मिनिटं या.

पाच मिनिटं! हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? बाराला ती पान घेऊन गच्चीवर असेल. कावळा शिवेपर्यंत मी तिला खाली येऊ देणार नाही, मग संध्याकाळ का होईना.