ताईची खुर्ची

ताई,

ऑफिसच्या त्या ट्रेनिंगमध्ये मला शंभरपैकी शंभर मिळाले! मॅनेजर लोकांसाठीचे नोकरीचे कायदे. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईची जागा राखून ठेवायची, आणि 'बाळाला सोडून परत येणार का?' असं तिला विचारायचंसुद्धा नाही.

तुझी रजा संपेपर्यंत तुझ्या खुर्चीत मी बसतेय. पण युनिव्हर्सिटीत अजून सगळे म्हणतात, "मोठ्या मॅडम असत्या तर पाच मिनिटांत झालं असतं." इतकी जळते ना मी!

म्हणून रविवारी बाळाला मांडीवर घेऊन तुला म्हटलं, "एवढ्याशा जिवाला टाकून तू कशी गं जाशील?" ऑफिसात हे कुणी विचारलं असतं, तर मीच तक्रार लिहून घेतली असती. घरी काय, मी मावशी!

आणि आज तू तुझा राजीनामा माझ्या हातात दिलास. "तेवढा डीन सरांना दे गं."

तो तुझ्याच ड्रॉवरमध्ये ठेवलाय. हे पत्रही तिथेच जाईल. राजीनामा फाडायचा, तर तुला सगळं खरं सांगावं लागेल. अडलं की मी नेहमी तुलाच विचारते. मग सांग ना, काय करू?

तुझीच,
धाकटी