बूच निघालंच पाहिजे

सोमवार, ४ मार्च. सकाळी.
बंदूक घरी आली! सासऱ्यांची ठासणीची रायफल. तोंडातून दारू आणि गोळी भरायची, गजानं ठासायची, जुना दणकट माल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांचा नेम गेला, म्हणून आता ती एका जावयाला देणार. जावई दोन. मी आणि साडू. रविवारी येऊन ठरवतो म्हणाले, तोवर कुणीतरी साफ करून ठेवा. मी पटकन हात वर केला. साडूच्या तोंडात तेव्हा घास होता.
देताना म्हणाले, बंदूक कायम भरलेली आहे असं समजूनच हाताळायची. वय झालं की माणसं असं काहीतरी बोलतात. मी मान डोलावली.
प्लॅन: नुसतं पुसायचं नाही. नळीच्या बुडाशी आट्यांचं एक बूच असतं, ते काढायचं आणि नळी आरपार चकचकीत करायची. व्हिडिओत एक माणूस दोन बोटांनी काढतो. त्याची बंदूक नवी आहे, पण बूच ते बूच.

संध्याकाळी.
निघालं नाही. पान्हा सटकला. चारही बोटांची सालपटं निघाली. ही फक्त तोंडओळख होती.

मंगळवार, ५ मार्च.
सासऱ्यांच्या व्यवस्थितपणाचं फार कौतुक ऐकलं होतं. आज कळलं. गजावर एक खाच आहे, ती नळीच्या तोंडाशी जुळायला हवी. जुळत नाही. गज पूर्ण आत घातला तरी खाच चार बोटं बाहेरच राहते. म्हणजे खाच चुकीच्या जागी पाडली आहे. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही! जास्तीचा तुकडा करवतीनं कापून टाकला. आता नीटनेटकं दिसतं.
मग बूच. मागच्या व्हरांड्यातल्या टेबलाला जोडलेल्या बेंचवाइसच्या जबड्यात नळी आवळली. खाली बायकोचा नवा टॉवेल घेतला (मऊ आहे). पान्ह्याला लोखंडी पाइप चढवून लोंबकळलो. पाइप सुटला आणि हनुवटीत बसला. पुढच्या दाताचा टवका उडाला. अर्धा तास जमिनीवर बसून बुचाला शिव्या दिल्या. बायको म्हणाली, ते लोखंड आहे, त्याला ऐकू येत नाही. या बाईला प्रसंगाचं भान नाही.

बुधवार, ६ मार्च.
आजपासून दयामाया नाही.
छिन्नी आणि हातोडा. दे दणादण. बुचाला चरे पडले, नळीला पोचे आले, बूच ढिम्म. टेबलाला लाथ घातली. अंगठा सुजला. मग डोकंच फिरलं, हातोडा भिरकावला तो खिडकीतून बाहेर. खिडकी बंद होती.
बायको म्हणाली, बाबांना एक फोन करून विचारा ना, जड आहे का तुम्हाला? मी म्हटलं, आज सासऱ्यांना विचारलं की उद्या साडूला कळलं. ती म्हणाली, कळू दे की. चौदा वर्षांच्या संसारात तिला माझं दुःख समजलेलं नाही.

गुरुवार, ७ मार्च.
साडू आला. म्हणे सहज. साडू आयुष्यात कुठे सहज गेलेला नाही.
नळी बघून त्यानं जीभ चावली. मग विचारलं, रिकामी आहे का नक्की? गज घालून बघितलंत? मी म्हटलं, गज घातला, बघितला, दुरुस्तही केला. तो म्हणाला, द्या इकडे, मी बघतो. आणि बंदुकीच्या दस्त्याला हात घातला! मी नळी धरली. तो ओढतो, मी ओढतो. बायको मध्ये पडली. माझं कोपर आपोआप त्याच्या नाकावर गेलं. रक्त बरंच आलं. चष्मा कुणाच्या तरी पायाखाली आला. बूट माझा होता, पण पाय कुणाचाही असू शकला असता.
नंतर मेव्हणीचा फोन. बायको बराच वेळ हूं हूं करत होती, माझ्याकडे बघत. वातावरण गंभीर. मी मात्र शांत आहे.

शुक्रवार, ८ मार्च.
संकल्प: हिंसा बंद. लोखंडाला प्रेमानं जिंकायचं.
गंज सोडवायचं तेल सोडलं. वाट बघितली. चहा घेतला. पुन्हा वाट बघितली.
दुपारी घण आणला. पाचव्या घावाला बूच केसभर हललं. बहुतेक. घणाचा दांडा तुटून पोटरीवर आला आणि नीट बघता आलं नाही. लंगडतोय. पण विजय टप्प्यात आहे.

शनिवार, ९ मार्च. दुपारी.
आज आग. तापलं की लोखंड फुगतं आणि आटे सुटतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. प्लंबरकडून ब्लो टॉर्च आणला.
व्हरांड्यात टेबल एकाच बाजूनं मावतं, त्यामुळे नळीचं तोंड स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीकडे. बायको ओट्याशी भाजी चिरत होती. म्हणाली, आधी ते तोंड फिरवा. मी म्हटलं, तू तुझं काम कर. ती म्हणाली, तुम्हाला बंदूक हवी आहे की मी? मी म्हटलं, हा काय प्रश्न आहे? उत्तर लगेच द्यायला हवं होतं, पण टॉर्च नुकता पेटला होता. तिनं सुरी सिंकमध्ये फेकली आणि दार आपटून अंगणात गेली.
बूच लाल व्हायला लागलं.

संध्याकाळी.
ती भरलेली होती.
कान अजून वाजताहेत. सगळीकडे धूर, काचा. ओट्यामागच्या फरशीला भोक पडलंय. बायको उभी राहते तिथंच, तिच्या छातीच्या उंचीवर.
मी वाद घातला म्हणून ती बाहेर होती. हे कुणी लक्षात घेणार नाही.
दोनदा जाऊन भोक बघून आलो. दुसऱ्यांदा सिंकमधली सुरी उचलून जागेवर ठेवली.

रविवार, १० मार्च.
सासरे आले. साडू गाडी चालवत होता, नाकाला पट्टी.
सासऱ्यांनी बंदुकीकडे पाहिलंच नाही. थेट ओट्याशी गेले. भोकात बोट घातलं. मग लेकीला जवळ बोलावलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मला म्हणाले, शेवटच्या वेळी बार उडालाच नाही आणि मी ती तशीच ठेवून दिली, ती चूक माझी. पण खाच बाहेर राहिली म्हणजे आत गोळी आहे, त्यासाठीच असते ती. आणि हे बूच काढायचं नसतंच, जावईबापू. माझ्या वडिलांनीही कधी काढलं नाही. तोंडातून गरम पाणी ओतायचं, झालं.
मी म्हटलं, तरी ते जरा हललं होतं.
सासरे म्हणाले, बंदूक तुम्हीच ठेवा. मी साडूकडे बघितलं. त्यानं माझ्या बायकोची बॅग उचलली होती. सासरे म्हणाले, मुलीला मी नेतो.
दारातून ती एवढंच म्हणाली, गॅस बंद केलाय.
गाडी गेली. घरात आता मी आणि बंदूक. खुर्चीत टेकवून ठेवली आहे, समोरच. मला ती कधी नकोच होती. साडूला मिळायला नको होती, एवढंच.