‘तू झोप, मी मोजत बसते’ या वाक्याची मालकी

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने दातांची डॉक्टर, आता निवृत्त, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला समोरच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि मी त्यांना वरची डावी दाढ दाखवून घ्यायला सांगितले. दोघींचेही समाधान झाले. गुडघे सोडले तर माझी तब्येत ठणठणीत आहे आणि इतक्यात जाण्याचा विचार नाही. याआधीचे मृत्युपत्र कोणाला सापडलेच तर ते रद्द समजावे. त्यात मी बराच मोठा हिस्सा एका मांजराला दिला होता आणि ते माझ्याआधीच गेले.

कलम पहिले. घराच्या मागच्या खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला मिळावी. तिने मला विचारले होते, “आत्या, पुढेमागे विकलं तर चालेल का गं?” मी म्हणाले, “चालेल. फक्त विकताना मला विचारायला येऊ नकोस.” माझी तेवढीच अट आहे.

कलम दुसरे. पुढची खोली, म्हणजे माझा जुना दवाखाना, आमच्या वाचकमंडळाला द्यावी. ज्यांना हे मंडळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही भयकथा वाचतो आणि त्यातली कोणती ओळ कुठून आली याचा माग काढतो. आमचा सगळा जीव एकाच लेखकावर आहे. तो आता हयात नाही. जुन्या, कोणी न वाचलेल्या पुस्तकांतली वाक्ये तो बेमालूमपणे भुतांच्या तोंडी घालायचा. त्याच्या कादंबरीतल्या पाताळाच्या जिन्याचे वर्णन पाणबुड्यांच्या एका माहितीपुस्तकातून आले आहे, हे मंडळातल्या ग्रंथपाल बाईंनी शोधून काढले. त्या आठवड्यात आम्हाला आकाश ठेंगणे झाले होते.

मंडळाची पद्धत अशी आहे. ज्याला उगम सापडला असेल त्याने माझ्या दात काढायच्या खुर्चीत बसायचे. वरचा दिवा लावायचा. पुरावा हत्यारांच्या ट्रेवर उघडून ठेवायचा आणि मगच तोंड उघडायचे. ट्रे रिकामा असेल तर दावा रद्द. हा नियम मीच केला आहे. त्यामुळे अनेक थापाड्यांची बोलती बंद झाली आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. म्हणून खुर्ची, दिवा आणि ट्रे खोलीबरोबरच द्यावेत. दाढ काढायचा मोठा चिमटाही तिथेच राहू द्यावा, जाड पुस्तकाचे पान धरून ठेवायला त्याच्याइतके चांगले काही नाही. बाकीची हत्यारे माझ्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरला द्यावीत. त्याचा हात जड आहे, पण सुधारेल.

कलम तिसरे. मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक, ज्यांना आम्ही नुसते सर म्हणतो, त्यांना खिडकीजवळची वेताची खुर्ची द्यावी. ती आपलीच आहे असे त्यांना पहिल्या दिवसापासून वाटते. कवळी बोचते अशी त्यांची तक्रार असते. कवळी मीच केली आहे आणि ती उत्तम आहे. सर जरा जास्त बोलतात, एवढेच.

कलम चौथे. माझा सख्खा मोठा भाऊ, निवृत्त घड्याळजी, याला मी काहीही देत नाही. रुपया नाही, खुर्ची नाही, भिंतीवरचे घड्याळसुद्धा नाही. आमचे भांडण झालेले नाही. कारण पुढे येईल.

कलम पाचवे. हे मालमत्तेबद्दल नाही. वकीलबाई म्हणाल्या, “मॅडम, हे इथे बसत नाही.” मी म्हणाले, “बसवा.”

लेखकाच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीत एक मेलेली बाई नायकाच्या उशाशी येऊन बसते आणि म्हणते, “तू झोप, मी मोजत बसते.” ती काय मोजते हे शेवटपर्यंत कळत नाही. कोणी म्हणते श्वास, कोणी म्हणते पापे. सरांना एका जुन्या प्रवचनसंग्रहात निजलेल्यांची पापे मोजणारा देवदूत सापडला. मंडळाचे टिपांचे पुस्तक लवकरच छापायला जाणार आहे आणि त्यात या वाक्यापुढे देवदूताचे नाव लागणार आहे.

ते वाक्य माझ्या आईचे आहे.

लेखक लहानपणी आमच्या वरच्या बिऱ्हाडात राहायचा. त्याची आई हॉस्पिटलात होती तेव्हा तो बरेच दिवस आमच्याकडे झोपला. अंधाराला इतका भ्यायचा की आम्ही त्याला भागूबाई म्हणायचो. आई कारखान्यातून सुटी बटणे आणून पुठ्ठ्यांवर टाचून द्यायची, एका पुठ्ठ्यावर डझनभर. एक जरी कमी भरले तरी गठ्ठा परत यायचा, म्हणून ती पुटपुटत मोजायची. भागूबाई विचारायचा, “काकू, मी झोपलो की तुम्ही जाणार?” आई म्हणायची, “तू झोप, मी मोजत बसते.” ज्या वाक्याने वाचकांच्या अंगावर काटा येतो, ते ऐकत मी लहानपणी गाढ झोपले. कादंबरीत ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला भीती वाटली नाही. आई इतकी आठवली की रडू आवरेना.

मी खुर्चीत बसून हे सगळे सांगितले. सर म्हणाले, “डॉक्टर, ऐकायला छान आहे. पण ट्रेवर काय ठेवताय?” माझ्याकडे काही नव्हते. आईला लिहिता येत नव्हते. ज्याने ते ऐकले त्याने कुठे नोंदवले नाही, आणि आता तो सांगायला येणार नाही. सर नियमाने वागले, त्यांच्यावर राग नाही. थोडा आहे, पण तो नियमात बसतो.

खोली मी मंडळाला विनाअट दिली आहे. टीप बदलली नाही तरी खोली त्यांचीच. आईचे वाक्य मला भाड्यात वळते करून घ्यायचे नाही. मला सवलतही नको. नियमाला कागद हवा ना, मग हा घ्या कागद, सहीशिक्क्याचा. येत्या बैठकीला मी स्वतः खुर्चीत बसून तो ट्रेवर ठेवणार आहे. मृत्युपत्र मेल्यावरच वाचावे असे कुठे लिहिले आहे?

सर म्हणतील, दावा तुमचा आणि कागदही तुमचाच. म्हणून साक्षीदार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. आईचा आवाज ऐकलेला माझ्याशिवाय एकच माणूस उरला आहे. त्याला काहीही दिलेले नाही, ते यासाठी.

हे सर्व वाचून, समजून, चष्मा पुसून मी सही केली आहे.

ठिकाण: पुढची खोली, दिव्याखाली.
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्यात आहे तोच.
लिहून ठेवणार: (सही) दातांची डॉक्टर, निवृत्त

साक्षीदार दुसरी: (सही) समोरची डॉक्टरीण. दाढ दाखवून घेतली.

साक्षीदार पहिला: (सही) भाऊ, घड्याळजी. वकीलबाई नको म्हणतायत तरी दोन ओळी लिहितो. वाक्य आईचंच. मी भिंतीकडे झोपायचो, ही दाराकडे, भागूबाई मधे. ही पडल्या पडल्या झोपायची, म्हणून पुढचं हिला ठाऊक नाही. मोजणं थांबलं की तो दचकून उठायचा. त्यामुळे बटणं संपली तरी आई रिकाम्या हातांनी मोजत बसायची.