खुर्दचे तोरण

श्रावण शु. ११

स्वस्ति श्री खुर्दग्रामाधिपती, सप्तसदस्यमंडलचूडामणी, पथदीपप्रज्वालक, नालीशोधनधुरंधर, भूतपूर्व सरपंच अस्मादिक यांनी आज प्रातःकाली न्हाणीची तुंबलेली नाली स्वहस्ते मोकळी केली. आमची ग्रा.पं. बुद्रुकच्या नगरपंचायतीत विलीन. कार्यालयास त्यांचे कुलूप. सौ. म्हणाली, "आता तरी भाजी आनून देत जा." वानप्रस्थ तो हाच.

श्रावण व. ४

न.पं.चे फर्मान : यंदा पोळा एकच, बुद्रुकच्या मैदानात.

वडिलांच्या तारुण्यात त्या मैदानात खुर्दच्या जोड्या कायम रांगेच्या शेपटाला. एका वर्षी आमच्यांनी बैल तसेच परत फिरवले, आपल्या वेशीत तोरण बांधले, आणि तोरणापाठोपाठ वेगळी ग्रा.पं. मागून घेतली. राज्ये रणांगणात जन्मतात. आमचे बैलांच्या रांगेत जन्मले. आता पुनश्च तीच रांग. फार थकवा.

व. १०

ठराव (उपस्थित सदस्य : मी) : तोरण वेशीतच.

शेजारी रफीकभाई येऊन गेले. खुर्दात बैलजोडी आता त्यांचीच. इतरत्र ट्रॅक्टर, आमच्याही अंगणात. बुद्रुकवाल्यांनी त्यांना चक्क रांगेत पहिला नंबर देऊ केला. वडील असते तर...

"मंग?" मी.

"मंग काय? म्हनलं, माहा पोळा माह्या गावात. तुम्ही फक्त तोरन बांधा, सरपंच. भाषन नोका देऊ."

श्रावण अमावास्या, पोळा

तोरण निंबापासून वेशीतल्या दिव्याच्या खांबापर्यंत. तरुणवर्ग समग्र बुद्रुकच्या डीजेपुढे. इकडे मी, सौ., आरतीचे ताट, दोन वृद्ध, नि शिंगे रंगवलेली ती एकुलती जोडी. रफीकभाई तोरणापुढे थांबले.

"हाना की भाई!" मी.

"तोरन तोडाचा मान सरपंचाच्या जोडीचा. तुमची पुढं, माही मांगून."

"मले कुठं जोडी हाये आता?"

"मंग ट्रॅक्टर आना."

कोणी हसले नाही. मी म्हणालो, मान तुम्हांला दिला.

"असा कसा देता? रीत आपनच मोडाची, तं बुद्रुकनं काय वाईट केलं?"

सौ.ने बैलांना पुरणपोळी चारली. जोडी आल्या वाटेने परत. तोरण अभंग.

भाद्रपद शु. २

आंब्याची पाने वाळली. वेशीतला दिवा अहोरात्र प्रज्वलित, बटण कार्यालयाच्या कुलपाआड. न.पं.चा वायरमन आला. म्हणे, "आधी तोरन सोडा, मंग खांबावर चढतो."

ते सोडायचे नसते, बैलांनी तोडायचे असते, असे सांगितले.

"मंग बैल आना," म्हणाला नि गेला.

रफीकभाईंना विचारले. "पुढच्या पोळ्यापोतर जोडी घेता का?" एवढेच म्हणाले. सौ. ट्रॅक्टरकडे पाहत होती.

दिव्याचा उजेड रात्री थेट आमच्या उशीवर. पडदा लावावा, तर दांडी वीतभर आखूड.