नळीची सावली

मंगळवार, संध्याकाळ

इथे आखातात आम्ही रायफलवर बसवायचे टॉर्च विकतो; वसईचा ग्लेन सेल्समध्ये माझ्या हाताखाली आहे. गेल्या आठवड्यात त्याने बॉससमोर मला शिकवलं. "सर, रायफलला टॉर्च इतका मागे बसवला तर प्रकाशात नळीची सावली पडते. पुढे घेऊ या." बॉसने मान डोलावली. ती मान डोक्यातून जाईना.

आज हमरिया बंदरावरच्या आमच्या गोडाऊनमध्ये एका सिक्युरिटी कंपनीचा परचेसवाला आला. डमी रायफलवर टॉर्च मी मुद्दाम मागेच बसवला. दिवे घालवले, ग्लेनलाच समोर भिंतीशी उभं केलं आणि प्रकाश सरळ डोळ्यांवर मारला. त्याने झटकन दोन्ही हात वर केले. हात वर कर असं कोणी म्हटलंही नव्हतं.

"कुठे आहे तुझी सावली? दाखव," मी म्हटलं.

"सर, काहीच दिसत नाही."

नळीची सावली होती. त्याच्या शेजारीच, भिंतीवर, चांगली मनगटाएवढी जाड. पण परचेसवाला त्या वर गेलेल्या हातांकडे बघून हसत होता. "खलास हबीबी, बस, यही चाहिए."

दिवे लावले तेव्हा ग्लेनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं.

परवा दुसरी पार्टी माल बघायला येणार आहे. टॉर्च पुढे घेतला, ग्लेन म्हणाला होता तिथेच. बॉसला आयडिया माझी म्हणून सांगितली, ग्लेन शेजारी उभा असताना. आधी कोण बोललं होतं ते बॉसच्या लक्षातही नव्हतं.

निघताना त्याला म्हटलं, "परवाही तूच उभा राहा. आणि ते हात तसेच वर कर. पार्टीला आवडतं."

"ओके सर," तो डोळे पुसत म्हणाला.