वरचा पुढचा दात

३ फेब्रुवारी

परत फुगली! वरच्या पुढच्या दाताची हिरडी. सकाळी बोटानं दाबली तर पू आला, खारट. आधी नुसती लाल व्हायची, मग जांभळी झाली. आता काळपट, वांग्याच्या सालीसारखी. किती वर्षांचं दुखणं आहे हे! गोळी घेतली की बसते, लग्नसराई आली की उठते. आणि क्लॅरिनेटचं टोक टेकते ते नेमकं ह्याच दातावर.

६ फेब्रुवारी

लवंग. तुरटीच्या गुळण्या. काही फरक नाही.

११ फेब्रुवारी

तिरोड्याला लग्न होतं. वरातीत दोन गाणी नीट गेली. तिसऱ्याला वरचा सूर धरला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. उमेंद्र आमचा बँडमास्तर, त्याचा कान फार तिखट. "काऊन गा रत्नपाल, सूर कायले हलून राहिला?"

"पत्ती खराब आहे," म्हटलं. क्लॅरिनेटच्या टोकाची पत्ती कालच नवी लावली होती!

पंगतीत एकटाच टोकाला बसलो. वरण-भात गिळला. बोलताना तोंडापुढं हात धरायची सवयच लागली आहे. तोंडाला वास येते— मला काय माहीत नाही का.

१४ फेब्रुवारी

वरचा ओठ सुजून नाकाला लागला. अंगात ताप. बायकोनं, अल्कानं, सकाळीच लुगडं बदललं. "उठा. गोंदियाले जायाचं हाये."

"सीझन होऊ दे."

"थोबाड पाहा आधी आरशात! असं तोंड घेऊन कोन बलावते वरातीत?"

गेलो. बायको चिडली की दवनीवाड्याची बससुद्धा लवकर येते बहुतेक.

दाताच्या डॉक्टर रुचि मॅडम, वयानं आमच्या लेकीएवढ्याच, खुशबूएवढ्या. फोटो काढला, उजेडावर धरला. "दादा, जड़ गल गई है. इन्फेक्शन हड्डी को भी खा रहा है. ये नहीं बचेगा."

म्हटलं, मॅडम, माझी रोजी ह्याच दातावर आहे. क्लॅरिनेट वाजवतो. त्यांनी फोटो परत उजेडावर धरला. मग म्हणाल्या, "दाँत रखोगे तो बाकी भी जाएँगे." आधी सूज उतरवायच्या गोळ्या. मग काढायचा.



२० फेब्रुवारी

काढला! सुई टोचली तेवढंच, बाकी काही कळलं नाही. ह्यालाच भिऊन इतकी वर्षं काढली मी! हिरडीचा काळा भागही थोडा कापून घेतला. दात ताटलीत पडला होता— मुळाशी पिवळी गाठ, मटराच्या दाण्याएवढी. हे घेऊन मी लोकांची लग्नं वाजवत होतो!

२१ फेब्रुवारी

जीभ सारखी त्या भोकात जाते.

२७ फेब्रुवारी

काल गोळीशिवाय झोपलो. सकाळी आरसा घेऊन अंगणात उन्हात बसलो. काळेपणा उतरून राहिला. काठाला गुलाबी रंग दिसते, लहान लेकरासारखा! अल्काला हाक मारली, "पाहा ना." तिनं वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "हो, बरं दिसते," म्हणाली आणि पेज ढवळायला गेली. मला वाटलं होतं, जास्त खूश होईल.

८ मार्च

मॅडम म्हणाल्या होत्या, जखम भरली की हळूहळू वाजवून पाहा. आज क्लॅरिनेटची पेटी उघडली. टोक तोंडात धरलं, फुंकलं— नुसती हवा. फस्स! परत फुंकलं. फस्स! बाजूच्या घरची रुक्माकाकू ओरडली, "रत्नपाल, सायकल पंक्चर झाली का गा?"

हसू आलं. मग नाही आलं.

१० मार्च

मला क्लॅरिनेट शिकवणाऱ्या नंदलाल वस्तादांची आठवण झाली. म्हातारपणी त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, तरी वाजवायचे! खालच्यासारखा वरचा ओठसुद्धा आत दुमडून दोन ओठांत टोक धरायचे. तसंच करून पाहिलं. ओठ भाजल्यासारखा झाला. पण सूर निघाला! बारीक, थरथरता— पण सूर! तसाच उमेंद्रला फोन लावून ऐकवला.

"हे तं वाजून राहिलं बे! ये उद्यापासून तालमीले बसायले."

दिवसभर गल्लीत हिंडलो. मंगरूच्या पानठेल्यावर तोंडापुढचा हात काढून हसलो.

१३ मार्च

मॅडमचा फोन आला. मला नाही, अल्काला. तो हिरडीचा तुकडा तपासायला नागपूरला गेला होता. कॅन्सरची शंका होती! मॅडमनी तिला दात काढला त्याच दिवशी सांगितलं होतं. मलाही सांगणार होत्या, हिनंच हात जोडले— "रिपोर्ट येऊ द्या, तवापर्यंत ह्याईले काही सांगू नका, आधीच सुराच्या काळजीनं अर्धे झाले हायेत." मी हवा आणि सूर करत बसलो, आणि ही इतके दिवस एकटीच...

काही निघालं नाही. साधं जुनं इन्फेक्शन. एवढं सांगता सांगता ती अंगणातच खाली बसली आणि पोरीसारखी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "वाजवा आता, कसं वाजवता ते."

क्लॅरिनेट हातात घेतलं. रडू येऊन राहिलं होतं, ओठ दुमडताच येईनात.